नवरा-बायकोचा पैसा एकत्र सांभाळायचाय? ॲप कसं निवडायचं आणि कसं लावायचं

लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक घरांत हेच होतं. भाडं एकाच्या खात्यातून जातं, किराणा दुसऱ्याच्या फोनवरून होतो, लाइटबिल ज्याला आठवेल तो भरतो. मग महिनाअखेरीला दोघांनाही वाटतं की या वेळी जास्त भार आपल्यावरच पडला. खोटं कोणीच बोलत नसतं. प्रत्येकाला फक्त आपल्या फोनवरचा खर्च दिसत असतो.

म्हणून जोडप्यासाठी ॲप निवडताना माझी कसोटी एकच आहे: घराचा पैसा दोघांना सारखाच दिसतो का? एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने हिशेब द्यायचा, असा प्रकार ज्या ॲपमुळे कायम राहतो ते कितीही देखणं असलं तरी कामाचं नाही. रंगीत आलेख आणि 'स्मार्ट' सल्ले यांचा विचार त्यानंतर.

पायऱ्या क्रमाने करा. पहिल्या दोन गाळून थेट ॲप उतरवलं तर पंधरा दिवसांत नोंदी बंद पडतात.

पायरी १: आधी कागदावर तीन कप्पे पाडा

एखाद्या रविवारी निवांत बसा आणि पैशाचे तीन कप्पे ठरवा: घराचा, तुझा, माझा. घराच्या कप्प्यात काय येतं याची यादी दोघांनी मिळून करायची. भाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता, किराणा, दूध, गॅस, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, मावशींचा पगार हे सगळ्यांना सुचतं. राहून जातात ते वर्षातून एकदा येणारे खर्च. आरोग्य विम्याचा हप्ता, गाडीचा विमा, गणपती, दिवाळी, गावची जत्रा, लग्नसराईतले आहेर यांना बारा महिन्यांवर पसरून यादीत एक ओळ द्याच.

आता वाटा. समजा एकाच्या हातात ६२,००० येतात, दुसऱ्याच्या ३८,०००. घरखर्च असा आहे: भाडं २०,०००, किराणा-भाजी-दूध १२,०००, वीज-गॅस-इंटरनेट-मेंटेनन्स ६,०००, मावशींचे ३,०००, प्रवास ५,००० आणि वार्षिक खर्चांसाठी ९,०००. एकूण ५५,०००. निम्मं-निम्मं केलं तर दोघांनी २७,५०० भरायचे. मग एकाकडे ३४,५०० उरतात आणि दुसऱ्याकडे १०,५००. कागदावर समान वाटणारी ही वाटणी घरात मात्र एकाला कायम तंगीत ठेवते. त्यापेक्षा पगाराच्या प्रमाणात भरा: ६२ टक्के म्हणजे ३४,१०० आणि ३८ टक्के म्हणजे २०,९००. उरतात २७,९०० आणि १७,१००. दोघंही कमावत असतील तर मी प्रमाणातच भरायला सांगेन. एकाला बढती मिळाली किंवा दुसऱ्याची नोकरी सुटली तरी भांडण नको, फक्त टक्के बदलायचे.

एकच जण कमावत असेल तरीही तीन कप्पे हवेतच. घर सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या नावाने दरमहा ठरलेली रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात गेली पाहिजे, आणि ती कशावर खर्च झाली हे विचारायचं नाही.

दोन्हीकडच्या आई-वडिलांना पाठवायचे पैसे हा विषय सगळे टाळतात. तो इथेच बोलून घ्या. ते घराच्या कप्प्यातून जाणार की ज्याच्या-त्याच्या, काहीही ठरवा, पण नियम दोन्ही घरांना एकच हवा. मुलाने पाठवले तर कर्तव्य आणि मुलीने पाठवले तर खर्च, हे चालायला नको. लग्नाआधीची कर्जं आणि क्रेडिट कार्डची थकबाकीही याच बैठकीत सांगून टाका. ॲपवर कळण्यापेक्षा तोंडून कळलेलं बरं.

पायरी २: घराच्या कप्प्यासाठी एक खातं

'तुझा' आणि 'माझा' कप्पा आपापल्या पगाराच्या खात्यात राहू द्या. घराच्या कप्प्यासाठी जॉइंट खातं उघडा. फॉर्मवर व्यवहार कोण करणार याचा रकाना असतो, तिथे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' निवडा. त्यामुळे दोघांपैकी कोणीही एकट्याने व्यवहार करू शकतं, आणि एकाचं काही बरंवाईट झालं तरी दुसऱ्याचं खातं अडत नाही. 'जॉइंटली' निवडलं तर प्रत्येक व्यवहाराला दोघांची संमती लागते, मग यूपीआय वगैरे विसरा.

बँकेतून निघण्याआधी तीन कामं उरका. दोघांचे मोबाइल नंबर नोंदवून घ्या. दोघांच्या नावाने वेगळी डेबिट कार्डं मागा, म्हणजे प्रत्येकाला आपल्या फोनवर आपला पिन लावून या खात्याचं यूपीआय चालवता येईल. आणि व्यवहाराचे मेसेज दोघांना येतील का हे विचारा. बऱ्याचदा ते पहिल्या खातेदाराच्याच नंबरवर जातात. दुसऱ्याला मेसेजच येत नसेल, तर खातं जॉइंट असूनही दिसणं एकतर्फीच राहिलं.

मग पगाराच्या तारखेनंतर दोन दिवसांनी ठरलेला वाटा आपोआप घराच्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना नेटबँकिंगमधून लावा. यात आठवण करून द्यावी लागत नाही, आणि दरमहा एकाने दुसऱ्याकडे पैसे मागणंही संपतं.

पायरी ३: पहिला महिना नुसता लिहा

पहिल्या महिन्यात बजेट बनवू नका. कुठे किती जातं हे माहीत नसताना घातलेली मर्यादा मोडतेच, आणि ती मोडली की ॲपही सुटतं. महिनाभर फक्त नोंद करा. त्यासाठी गुगल शीट्स पुरेसं आहे. एक शीट बनवून दोघांना बदल करण्याची परवानगी द्या आणि पाच रकाने ठेवा: तारीख, कशासाठी, रक्कम, कोणी दिले, कुठला कप्पा. सगळं मराठीत लिहिता येतं, पैसे पडत नाहीत, आणि डेटा तुमच्याच हातात राहतो. काही घरांना या शीटपलीकडे कधीच काही लागत नाही. तुमचं घर त्यातलं असेल तर पुढची पायरी सोडून द्या.

दोन जागा हमखास निसटतात. पहिली रोख: मावशींचा पगार, रिक्षा, मंडईतली भाजी. दुसरी यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलं छोट्या खर्चांचं पाकीट. त्यातून पिन न टाकता एका वेळी १,००० रुपयांपर्यंत देता येतात, पण बँकेच्या स्टेटमेंटवर यूपीआय लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच ओळ दिसते. त्यातले चहा-वडापाव किती आणि औषधं किती, हे बँकेला माहीतच नसतं. ते फक्त यूपीआय ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत सापडतं. म्हणून रात्री जेवण झाल्यावर दोन मिनिटं काढा. दिवसाचं त्या दिवशी लिहिलं तर आठवतं, आठवड्याचं एकदम लिहायला बसलात तर अंदाज सुरू होतात.

पायरी ४: आता ॲप

तुमची अडचण नेमकी कुठली, ते आधी ओळखा.

कोणी कोणाला किती द्यायचे, यातच सगळा गोंधळ असेल आणि जॉइंट खातं उघडायची इच्छा नसेल, तर स्प्लिटवाइज. खर्च टाकताना निम्मं-निम्मं, टक्क्यांनी किंवा ठरावीक रकमेने वाटता येतो, म्हणजे आपलं ६२-३८ इथे चालतं. मोफत आवृत्तीत दिवसाला किती नोंदी करता येतात यावर मर्यादा आहे, त्यामुळे सुट्टे खर्च एकत्र करून टाकावे लागतात. मूळ घडण मात्र रूममेट आणि सहलींसाठीची आहे. त्यात 'येणं-देणं' दिसतं, घराचं महिन्याचं चित्र दिसत नाही. लग्नाआधी एकत्र राहणाऱ्यांना किंवा वेगवेगळ्या शहरांत नोकरी करणाऱ्यांना हे छान. एकाच घरात वर्षानुवर्षं 'तू मला ४३० देणं लागतोस' अशी ओळ पाहत राहणं मला तरी रुचत नाही.

येणं-देणं मिटलंय, पण वीस तारखेनंतर पैसा पुरत नाही, अशी गत असेल तर गुडबजेट पाहा. आजी पगार आला की डाळीच्या डब्यात किराण्याचे आणि तांदळाच्या डब्यात फीचे पैसे ठेवायची, तोच हा हिशेब. प्रत्येक खर्चाचं एक पाकीट, पाकिटात ठरलेली रक्कम, खर्च झाला की पाकीट रिकामं होत जाताना दोघांच्या फोनवर दिसतं. मोफत आवृत्ती दोन फोनवर चालते, म्हणजे जोडप्याचं भागतं. पाकिटांची संख्या मर्यादित असते, पण सुरुवातीला आठ-दहांपेक्षा जास्त ठेवूही नका. नोंदी हाताने कराव्या लागतात. हा दोष नाही. ४५० रुपये हाताने लिहिताना 'हॉटेलिंग'चं पाकीट किती उरलंय ते नजरेला पडतं, आणि या पद्धतीचा खरा उपयोग तोच आहे. लावताना दोघांनी एकाच घरगुती खात्याने लॉगिन करायचं, पाकिटांची नावं मराठीत द्यायची, आणि 'वार्षिक' नावाचं पाकीट पहिल्याच दिवशी उघडायचं.

घरात एकाला इंग्रजी ॲपचा कंटाळा येत असेल किंवा वेगळं ॲप नकोच असेल, तर भीम. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचंच हे ॲप, २०१६च्या अखेरीस आलेलं. मार्च २०२५मध्ये आलेल्या भीम ३.० आवृत्तीत खर्च वाटून घेण्याची, कुटुंबातल्या सदस्यांना जोडून सामाईक खर्च पाहण्याची आणि खर्चाचं वर्गीकरण पाहण्याची सोय आहे, आणि ॲप मराठीतही चालतं. मात्र इथे मुख्यतः यूपीआयचा खर्च दिसतो. रोख आणि इतर मार्गांनी झालेला खर्च शीटवर लिहावाच लागेल.

आपोआप नोंद करणाऱ्या ॲप्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवे लोक तिथेच ओढले जातात. यांचे दोन प्रकार. एक प्रकार तुमचे एसएमएस वाचतो. आयफोनवर कुठल्याच ॲपला एसएमएस वाचता येत नाहीत, त्यामुळे दोघांपैकी एकाकडे आयफोन असेल तर अर्धं घर हिशेबाबाहेर राहतं. शिवाय एसएमएस वाचणाऱ्या ॲपला तुमचा पगार, हप्ते, थकबाकी सगळं कळतं, आणि यातली काही ॲप्स पुढे कर्ज देण्याच्या धंद्यात उतरली. एके काळी घरोघरी असलेलं वॉलनट हे खर्च मोजायचं ॲपही पुढे नाव बदलून ॲक्सिओ झालं आणि कर्ज देऊ लागलं.

दुसरा प्रकार अकाउंट ॲग्रिगेटरमधून माहिती घेतो. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या या मध्यस्थ कंपन्या आहेत. वनमनी, फिनव्ह्यू ही त्यांतली नावं. बँकेतली माहिती तुमच्या संमतीने त्या दुसऱ्या ॲपपर्यंत पोहोचवतात, ती त्यांना स्वतःला वाचता येत नाही, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. २०२१पासून ही व्यवस्था प्रत्यक्षात चालू आहे. एसएमएसपेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. संमती ज्याच्या नावाचं खातं त्यानेच द्यायची असते. 'तुझा ओटीपी सांग, मीच जोडतो' असं करू नका. संमती देताना कुठली खाती, किती काळाची माहिती आणि किती महिन्यांसाठी, हे तीन रकाने वाचूनच पुढे जा.

दोन्ही प्रकारांत एक तांत्रिक घोळ होतो, आणि आकडे फुगलेले दिसले की बहुतेक वेळा कारण हेच असतं. तुम्ही घराच्या खात्यात ३४,१०० टाकले की ॲप तुमच्याकडे ते 'खर्च' धरतं आणि तिकडे 'उत्पन्न'. क्रेडिट कार्डवर ६,००० ची खरेदी केली तर ती एकदा मोजली जाते आणि कार्डाचं बिल भरलं की पुन्हा. दोघांच्या खात्यांमधली हस्तांतरणं आणि कार्डाच्या बिलाचे भरणे 'ट्रान्सफर' या वर्गात टाका. बरीच ॲप्स एकदा शिकवलं की पुढे लक्षात ठेवतात. पहिल्या महिन्यात मात्र प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्यांसाठी चित्र वेगळं आहे. तिथे बँका ॲपला थेट जोडता येतात. मोनार्कमध्ये एकाच वर्गणीत जोडीदाराला स्वतंत्र लॉगिन मिळतं, वायनॅबची एक वर्गणी सहा जणांत चालते. हनीड्यू तर जोडप्यांसाठीच बनवलेलं. त्यात कुठलं खातं जोडीदाराला पूर्ण दिसावं, कुठल्याची फक्त शिल्लक दिसावी आणि कुठलं अजिबात दिसू नये, हे खातेनिहाय ठरवता येतं. घराचा कप्पा उघडा आणि 'माझा' कप्पा माझा, हे आपलं सूत्र त्यात नीट बसतं. पण ही ॲप्स तिकडच्या बँकांसाठी आहेत. भारतातलं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं किंवा इथली एफडी त्यात हातानेच लिहावी लागेल.

पायरी ५: यूपीआय सर्कल, आणि ते कुठे वापरू नये

ऑगस्ट २०२४पासून यूपीआय सर्कल ही सोय आली. मुख्य वापरकर्ता आपल्या खात्यातून दुसऱ्याला पैसे देण्याची मुभा देतो. असे पाच जण जोडता येतात, पण दुय्यम वापरकर्ता एकाच व्यक्तीच्या सर्कलमध्ये राहू शकतो. पूर्ण अधिकार दिले तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० ही मर्यादा. आंशिक अधिकार दिले तर प्रत्येक व्यवहाराला मुख्य वापरकर्त्याने आपला पिन टाकून मंजुरी द्यायची.

गावाकडची आई, बारावीतला मुलगा, आजारपणात मदतीला आलेला भाऊ यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. त्यांना पिन सांगायची वेळ येत नाही. नवरा-बायकोच्या मधोमध मात्र ती कायमची ठेवू नका. सुरुवातीची कसोटी लावून बघा: मुख्य वापरकर्त्याला दुसऱ्याचा प्रत्येक खर्च दिसतो, उलट दिशेने काहीच दिसत नाही. आंशिक अधिकारात तर मेथीची जुडी घेताना नवऱ्याच्या फोनवर विनंती जाते, तो मीटिंगमध्ये असतो, भाजीवाला हात पुढे करून उभा आणि बाई ओशाळून. घर चालवणाऱ्या माणसाला अशा जागी उभं करू नये. तिच्या नावाने शून्य शिल्लकीचं मूलभूत बचत खातं कुठल्याही बँकेत उघडता येतं. त्यात रक्कम जाऊ द्या, यूपीआय तिच्या पिनने चालू द्या.

पायरी ६: परवानग्या आणि पिन

ॲप उतरवल्यावर फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला काय काय बघता येतं ते पाहा. खर्चाची नोंद ठेवणाऱ्या ॲपला तुमच्या फोनबुकची आणि फोटोंची गरज नसते. बिलाचा फोटो जोडायचा असेल तर त्या वेळेपुरता कॅमेरा द्या. कर्जाची ऑफर दिसू लागली की ॲप बदलायची वेळ झाली असं समजा.

नवरा-बायको झालात तरी यूपीआय पिन आणि ओटीपी एकमेकांना सांगायचे नाहीत. हा अविश्वास नव्हे. फसवणूक झाली तर पिन आणखी कोणाकडे होता हा पहिला प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर 'कोणाकडेच नाही' असलं पाहिजे. पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा, मग बँकेला कळवा.

आणि जोडीदाराच्या फोनमध्ये त्याच्या नकळत ॲप टाकून खर्च बघणं ही पाळत झाली, तिला हिशेब म्हणत नाहीत. तुमच्यावर तसं होत असेल, पगाराचं कार्ड काढून घेतलं जात असेल, घरखर्चाला पैसे नाकारले जात असतील, तर लक्षात ठेवा की २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी आहे.

पायरी ७: ॲपमध्ये न दिसणारं पान

रोजचा खर्च ॲप सांभाळेल. पण विमा, पीएफ, पीपीएफ, एफडी, डीमॅट, गावच्या पतपेढीतली ठेव यांचं काय? त्याच शीटमध्ये दुसरं पान उघडा. संस्थेचं नाव, खातं कोणाच्या नावाने, खात्याचे शेवटचे चार आकडे, मुदत, नॉमिनी कोण. पासवर्ड इथे लिहायचे नाहीत.

हे पान भरताना नॉमिनीच्या रकान्यावर वेळ द्या. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर बहुधा आई किंवा वडील नॉमिनी असतात आणि ते बदलायचं राहून जातं. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो, त्यामुळे आई की बायको असा पेच उरत नाही. पीपीएफ खातं जॉइंट उघडता येत नाही, दोघांनी आपापलंच काढायचं. प्राप्तिकराची एक गोष्टही ठाऊक हवी: नवऱ्याने बायकोला दिलेले पैसे तिच्या नावाने गुंतवले, तर त्यावरचं उत्पन्न करासाठी नवऱ्याचंच धरलं जातं. उलट दिशेनेही तसंच. कर वाचतो म्हणून एफडी तिच्या नावावर करू नका. तिच्या हातात पैसा असावा म्हणून जरूर करा.

पायरी ८: महिन्यातून एक बैठक

पगाराची रक्कम खात्यात जायच्या आदल्या रविवारी चहा घेऊन बसा, अर्धा तास पुरे. फोन एकाच्याच हातात ठेवू नका. या महिन्यात दाखवणारा एक, पुढच्या महिन्यात दुसरा. घराच्या कप्प्यात किती उरले, कुठलं पाकीट दोन महिने सलग कमी पडतंय, पुढच्या महिन्यात कुठला मोठा खर्च येतोय, एवढंच बघायचं. सलग कमी पडणारं पाकीट बहुधा उधळपट्टीचं लक्षण नसतं, मुळातच रक्कम कमी ठेवलेली असते. ती वाढवा आणि दुसऱ्या पाकिटातून काढा. 'तुझा' आणि 'माझा' कप्प्यांतल्या खर्चावर या बैठकीत बोलायचं नाही.

एकाने नोंदी करणं सोडलं, तर टोमणे मारण्याआधी ॲप सोपं करा. पाकिटं निम्म्यावर आणा, सुट्टे खर्च दिवसाला एकाच ओळीत टाका, किंवा सरळ शीटवर परत या.

कुठलंही ॲप कायमचं नसतं. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेलं मिंट मार्च २०२४मध्ये बंद झालं. म्हणून दर ३१ मार्चला वर्षाच्या नोंदी एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल दोघांच्याही ईमेलवर पाठवा. ज्या ॲपमधून नोंदी अशा बाहेर काढताच येत नाहीत, ते पहिल्या आठवड्यातच बदला, कारण तेव्हा हलवायला फार काही जमा झालेलं नसतं.